नामं नवी, क्रियापदं जुनी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आणि भाची दोघंही घरी होती आणि फराळाच्या डब्याभोवती त्यांचा एकच वाद रंगला होता. भाची म्हणत होती, "तुझे सगळे गेम एकसारखेच. कपडे बदलतात, बाकी तेच." भाचा चिडून तिला पडद्यावरचा डोंगर, त्यावर पडलेलं ऊन, घोड्याची हलणारी आयाळ दाखवत होता. "हे असं आधी कुठे बघितलंयस, सांग!" शेवटी दोघांनी मला पंच केलं. मी कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर काय दिसतंय याकडे लक्ष न देता तो काय करतोय, तेवढंच लिहीत गेलो. यादी अशी झाली: चढला, वाकून चालला, मागून मारलं, उचललं, नकाशा उघडला, पुढच्या खुणेकडे निघाला. पुन्हा चढला.

मग त्याला विचारलं, गेल्या वर्षी तो दुसरा गेम खेळत होतास, त्यात काय काय करायचास? तो जरा थांबला आणि म्हणाला, "मामा, हेच."

शाळेत वाक्याचे भाग पाडायला शिकवतात, तसे गेमचेही पाडता येतात. तलवार, घोडा, वाडा, राक्षस, अंतराळयान ही नामं. धावणं, उडी मारणं, नेम धरणं, लपणं, बांधणं ही क्रियापदं. गेम तयार करणारी मंडळीही आपापसांत बोलताना 'व्हर्ब' हाच शब्द वापरतात: आपण खेळणाऱ्याच्या हाती कोणती क्रियापदं देतोय? चित्रपट पाहताना आपण काही करत नाही, त्यामुळे तिथे नवे चेहरे, नवी स्थळं, नवी गोष्ट यांवर बरंच भागतं. गेममध्ये मात्र आपण चाळीस-चाळीस तास काहीतरी करत असतो. म्हणून एखादा लोकप्रिय गेम सपक आहे की खरोखर नवा, हे डोळ्यांआधी बोटांना विचारावं लागतं.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची 'असॅसिन्स क्रीड' मालिका. पहिला गेम आला २००७ साली. तो सुरू झाला होता 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून, पण वाढता वाढता वेगळा झाला. धर्मयुद्धांच्या काळातलं जेरुसलेम, दमास्कस. कुठल्याही भिंतीच्या खाचेला, खिडकीच्या चौकटीला हात घालायचा आणि चढत सुटायचं. सर्वांत उंच मनोऱ्यावर पोचलं की आजूबाजूचं शहर नजरेत येतं आणि नकाशाचा तेवढा भाग उलगडतो. मग तिथून थेट खाली गवताच्या ढिगात झेप. अख्खं शहर हीच एक शिडी, ही कल्पना तेव्हा अंगावर काटा आणणारी होती.

पुढे मालिका इजिप्तला गेली (२०१७), ग्रीसला गेली (२०१८), नॉर्वे-इंग्लंडला (२०२०), बगदादला (२०२३), जपानला (२०२५). प्रत्येक वेळी स्थळकाळावर घेतलेली मेहनत थक्क करणारी आहे. इजिप्तच्या भागात तर लढाई पूर्ण बाजूला ठेवून नुसतं प्राचीन जग हिंडून पाहण्याची सोय त्यांनी नंतर दिली. क्रियापदं अजिबात बदलली नाहीत असंही नाही. २०१७ला लढण्याची पद्धत बदलली, शस्त्रांना आकडे चिकटले, पातळ्या आल्या. पण ही भर इतर गेममध्ये आधीच रुळलेली होती. बाकी चढ, बघ, लप, मार, गोळा कर हा फेरा कायम राहिला आणि नकाशावर खुणांची गर्दी वाढत गेली. मनोरा चढून नकाशा उघडायची युक्ती तर इतकी पसरली की दुसऱ्या कंपन्यांच्या गेममध्येही तिचा कंटाळा येऊ लागला. भाचीला जे जाणवत होतं ते हेच. तिला ते नेमक्या शब्दांत मांडता येत नव्हतं, एवढंच.

आता एकाच क्रियापदात किती मावतं ते पाहू. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स', निन्टेन्डो या जपानी कंपनीचा, शिगेरु मियामोतो यांनी घडवलेला. आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवर तो घराघरात खेळला गेला, त्यामुळे चाळिशीतल्या वाचकांच्या बोटांना तो अजून आठवत असेल. क्रियापद मुख्यतः एकच: उडी मार. पण पहिली वीस सेकंदं नीट पाहा.

मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. काही न सांगता आपण उजवीकडे निघतो. समोरून कपाळाला आठ्या घातलेला एक तपकिरी जीव चालत येतो. त्याला नुसते धडकलो तर मेलो, परत सुरुवातीला. पण सुरुवात चार पावलांवरच असल्यामुळे नुकसान काही नाही. दुसऱ्या खेपेला घाबरून बटण दाबतो, उडी बसते आणि कदाचित त्याच्या डोक्यावरच पाय पडतो. कळलं: वरून पडलं की शत्रू चिरडतो. डोक्यावर प्रश्नचिन्हाचे चौकोन असतात. उडी मारून डोकं आपटलं की त्यातल्या एकातून आळंबी बाहेर येते. आता ही आळंबी त्या तपकिरी जीवासारखीच दिसते, म्हणून माणूस बिचकतो. ती उजवीकडे घरंगळते, खाली पडते, पुढच्या हिरव्या पाइपवर आदळते आणि उलटी फिरून थेट आपल्याच अंगावर येते. वर विटांचं छप्पर असल्यामुळे नीट उडीही मारता येत नाही. ती अंगाला लागते आणि मारिओ मोठा होतो. भीती होती त्याच्या जागी बक्षीस. एक अक्षरही न लिहिता गेमने चार धडे दिले. वर ही उडीही साधी नाही: बटण जास्त वेळ धरलं तर ती उंच जाते, पळत येऊन मारली तर लांब. तीच उडी पुढे शस्त्र होते, किल्ली होते, वाहन होते. मी तरी याला अस्सल नवेपणा म्हणतो, आणि तो गेम जगभर विकला गेला म्हणून त्यात तसूभरही उणेपणा येत नाही.

क्रियापद अगदी साधं असलं तरी समोरून त्याला उत्तर काय मिळतं, यावरही खूप ठरतं. १९८०चा 'पॅक-मॅन' घ्या. नामको कंपनीतले तोरू इवातानी यांचा. त्यात करायचं काय, तर चक्रव्यूहात फिरत ठिपके खायचे. पण मागे लागलेली चार भुतं नुसत्या रंगांनी वेगळी नाहीत, स्वभावांनी वेगळी आहेत. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत आपण जिथे आहोत तिथे न येता आपल्या तोंडापुढच्या चार घरांवर डोळा ठेवून येतं, म्हणजे दबा धरणारं. निळं भूत लाल भुताची जागा आणि आपली दिशा यांचा मेळ घालून निघतं, म्हणून लहरी वाटतं. आणि नारिंगी भूत अंगावर येतं, जवळ पोचलं की अचानक स्वतःच्या कोपऱ्याकडे वळतं. वेड पांघरून पेडगावला जाणारं. जपानी मूळ गेममध्ये त्यांची स्वभावनामं साधारण याच अर्थाची आहेत. चार ओळींचे चार नियम, आणि त्यांतून चार माणसांच्या टोळीने आपल्याला घेरल्यासारखं वाटतं.

'स्पेस इन्व्हेडर्स'ची (१९७८) गोष्ट तर योगायोगाची. पडद्यावर ५५ परग्रहवासी असतात. ते जसे कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकू लागतात आणि छातीची धडधड वाढते. मुळात त्या काळच्या प्रोसेसरला एवढे सगळे आकार पटापट काढणं झेपत नव्हतं. शत्रू मेले की ओझं हलकं व्हायचं आणि वेग आपोआप वाढायचा. गेम घडवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी ही यंत्राची मर्यादा दुरुस्त केली नाही, ठेवून दिली. नवं कधी कधी असंही सापडतं, ते ओळखायची नजर मात्र लागते.

मग आज हातात इतकं सामर्थ्य असताना मोठे गेम एकमेकांसारखे का होतात? पहिलं कारण पैसा, आणि त्याचे आकडे सहसा बाहेर येत नाहीत. २०२३ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एका खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवर आकडे झाकायला फिरवलेली काळी शाई पुरेशी गडद निघाली नाही आणि खालचा मजकूर वाचता आला. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा खर्च २२ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,८०० कोटी रुपये. ऐन कामाच्या काळात दोनशे माणसं. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा २१.२ कोटी डॉलर, तीनशे माणसं, पाच वर्षं. एवढी रक्कम लावणारा माणूस नवं क्रियापद आणायला कचरतो. लोकांना ते आवडेल की नाही हे कळेपर्यंत पाच वर्षं गेलेली असतात. नामांचं तसं नाही. नवा देश, नवा काळ, नवा नायक यांची जाहिरात एका चित्रात करता येते. क्रियापद चित्रात दाखवता येत नाही, ते खेळूनच कळतं.

दुसरं कारण खेळणाऱ्याच्या सोयीचं आहे, आणि त्याला नावं ठेवणं अन्याय होईल. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं, ही रीत ठरून गेली आहे. स्कूटर कोणत्याही कंपनीची घेतली तरी ब्रेक कुठे आहे हे शोधावं लागत नाही, तसंच हे. अशा ठरलेल्या गोष्टींना चोरी म्हणत सुटलं तर ओवी लिहिणाऱ्या प्रत्येकाला चोर म्हणावं लागेल. साडेतीन चरणांचा साचा ज्ञानेश्वरांचाही होता आणि जात्यावर बसलेल्या बायकांचाही. साचा समान असणं हा दोष नसतो, त्यात काय ओतलंय ते पाहायचं.

गेमचा इतिहासही उसनवारीचाच आहे. १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीच्या ऑडिसी यंत्रावर राल्फ बेअर यांचा टेबल टेनिससारखा खेळ होता. अटारी या गेम कंपनीच्या नोलन बुशनेल यांनी त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अटारीचा 'पाँग' आला. खटला झाला, १९७६मध्ये तडजोड झाली आणि अटारीने परवान्याचे पैसे मोजले. पण 'पाँग'मध्ये फळीच्या कोणत्या भागाला चेंडू लागतो त्यावर तो कोणत्या कोनात उडेल हे ठरायचं, आणि खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढायचा. लोक नाणी घेऊन रांगा लावत होते ते या हाताच्या अनुभवासाठी.

१९९३चा 'डूम' आला आणि पुढची काही वर्षं नायकाच्या डोळ्यांतून बंदूक चालवायच्या प्रत्येक गेमला लोक 'डूम क्लोन' म्हणायचे. मग इतके क्लोन झाले, आणि त्यातल्या काहींनी इतकं वेगळं काही केलं, की 'क्लोन' हा शब्द मागे पडून 'फर्स्ट-पर्सन शूटर' हे प्रकाराचं नाव झालं. कालचा नकलांचा ढीग आजचं घराणं होतो. जगात सर्वाधिक विकला गेलेला गेम म्हणजे 'माइनक्राफ्ट'. त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याच्या ठोकळ्यांची कल्पना मार्कुस पेर्सन यांना २००९च्या 'इन्फिनिमायनर' या छोट्या गेमवरून सुचली, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. मूळ गेममध्ये खणणं हे दोन संघांच्या स्पर्धेचं साधन होतं. पेर्सन यांनी स्पर्धा काढून टाकली आणि रात्र आणली. दिवसा खणा-बांधा, अंधार पडला की जीव वाचवा. भिंत बांधायला आता कारण मिळालं. क्रियापद तेच, पण त्याची गरज आतून उभी राहिली.

आपल्या गावागावांत कट्ट्यावर खेळला गेलेला पबजी याच वाटेने आला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने आधी दुसऱ्याच्या सैनिकी गेममध्ये बदल करून हा प्रकार घडवला, एका जपानी चित्रपटावरून कल्पना उचलली, आणि २०१७ला स्वतंत्र गेम काढला. बंदुका, गाड्या, हेल्मेट, सगळी नामं जुनीच. नवं होतं ते आक्रसत जाणारं वर्तुळ. शंभर जण विमानातून उड्या मारतात, आणि थोड्या थोड्या वेळाने सुरक्षित जागा लहान होते. म्हणजे 'गोळी मार' याच्या आधी 'कुठे उतरू' आणि 'आता निघू की थांबू' हे दोन प्रश्न आले. पोचिंकी या नकाशावरच्या गावात उतरायचं की लांब शेतातल्या घरात, यावर चार मित्रांची जी हमरीतुमरी व्हायची, तोच तो गेम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'फोर्टनाइट'ने हा साचा उचलला तेव्हा आरडाओरडा झाला, पुढच्या वर्षी कोरियात खटलाही दाखल झाला आणि नंतर मागे घेतला गेला. पण 'फोर्टनाइट'मध्ये 'बांध' हे एक क्रियापद जास्त होतं. गोळ्या सुटल्या की तिथल्या तिथे भिंत, जिना, बुरूज उभा करायचा. एवढ्या एका भरीने दोन गेमची चाल इतकी वेगळी झाली की एकात तरबेज असलेला दुसऱ्यात चाचपडतो.

याउलट 'थ्रीज'चं जे झालं ते मला आजही बोचतं. दोघांनी मिळून वर्षाहून जास्त काळ घासूनपुसून केलेलं हे आकड्यांचं छोटंसं कोडं फेब्रुवारी २०१४मध्ये आलं. काही आठवड्यांत त्याच्या नकला आल्या, आणि त्या नकलांवरून एका एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवारात केलेला '२०४८' फुकटात जगभर पसरला. त्या मुलाने पैशांसाठी केलं नव्हतं, त्याला दोष देववत नाही. पण 'थ्रीज'च्या जोडीने मग आपला सगळा पत्रव्यवहारच लोकांसमोर मांडला: किती कल्पना टाकून दिल्या, सोपा दिसणारा नियम सोपा व्हायला किती महिने लागले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गेम सारखेच वाटतात. 'थ्रीज'मध्ये चाल विचार करून करावी लागते, '२०४८'मध्ये बराच काळ दोन बटणं आलटून पालटून दाबली तरी चालतं. नकलेत निसटतं ते नेमकं हे.

कायदा इथे फारशी मदत करत नाही, आणि त्यालाही कारण आहे. खेळाचे नियम ही कल्पना असते. कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर मिळतो. भारतातही तत्त्व हेच आहे. अमेरिकेत २०१२ साली 'टेट्रिस'च्या मालकांनी एका नकलेविरुद्ध खटला जिंकला तो याच रेषेवर: पडणारे ठोकळे रचणं कुणीही करू शकतं, पण पटाचा तोच आकार, ठोकळ्यांचं तेच रूप आणि तीच मांडणी जशीच्या तशी उचलता येणार नाही. गंमत अशी की कायदा नामांचं रक्षण करतो आणि क्रियापदं मोकळी सोडतो. मला वाटतं ते योग्यच आहे. उडीवर कुणाची मालकी असती तर काय झालं असतं, याचा नमुना आपल्यासमोर आहे. २०१४च्या 'शॅडो ऑफ मॉर्डर'मध्ये 'नेमेसिस' नावाची एक विलक्षण रचना होती. ज्या फुटकळ शत्रूने तुम्हाला मारलं त्याला बढती मिळायची, पुढच्या भेटीत तो तुम्हाला ओळखायचा, डिवचायचा, तुम्ही भाजलं असेल तर त्याचे व्रण दाखवायचा. वॉर्नर ब्रदर्सने त्यावर अर्ज करून २०२१मध्ये पेटंट मिळवलं. पेटंट कॉपीराइटसारखं नसतं, ते रचनेवरच कुलूप लावतं. एका सुंदर क्रियापदाचं घराणं होण्याआधीच दार बंद झालं.

मोबाइलवरच्या गेमबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथलं नवं क्रियापद मला आवडत नाही. 'कँडी क्रश सागा'तलं (२०१२) तीन सारखे तुकडे जुळवणं १९९४च्या 'शारिकी' या रशियन गेमपासून चालत आलंय, २००१च्या 'बिज्वेल्ड'मधून ते जगभर गेलं. 'कँडी क्रश'ने भर घातली ती पाच जिवांची. ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास. नाहीतर मित्राकडे मागा, नाहीतर पैसे टाका. खरी नवी क्रियापदं दोनच: वाट बघ आणि माग. ती नवी होती, प्रचंड चालली, आणि हजारो गेमनी उचलली. नवं असणं आणि भलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोकप्रिय, महागडा आणि तरीही नवा असा गेम होऊच शकत नाही का? २०१७चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मी पुन्हा पुन्हा उघडतो तो याच प्रश्नासाठी. त्यातही डोंगर आहेत, घोडा आहे, तलवार आहे, चढायचे मनोरेसुद्धा आहेत. मनोऱ्यावर चढलं की नकाशा मिळतो, पण तो जवळपास कोराच असतो. खुणा आपण डोळ्यांनी शोधून आपल्या हाताने लावायच्या. 'जा' याच्या जागी 'बघ आणि ठरव' आलं. आणि त्याखाली निन्टेन्डोच्या लोकांनी एक छोटं रसायनशास्त्र रचलं. त्याचे नियम तीन. आग, पाणी, वारा, वीज यांसारखी तत्त्वं वस्तूंना बदलू शकतात: आगीने लाकूड पेटतं. तत्त्वं एकमेकांना बदलू शकतात: पाण्याने आग विझते. वस्तू मात्र वस्तूला बदलू शकत नाही: लाकडाला लाकूड लावून काही होत नाही. बस्स. या तीन नियमांमुळे गवताला आग लावली की गरम हवेचा झोत वर उठतो आणि पॅराशूटसारखं कापड उघडून आपण त्यावर तरंगू शकतो. वादळात धातूची तलवार पाठीला असेल तर ठिणग्या उडू लागतात आणि वीज अंगावर पडते. म्हणून शहाणा माणूस तलवार उतरवतो. अधिक शहाणा ती शत्रूच्या पायाशी फेकतो आणि मागे सरतो.

हा 'फेकून मागे सर' कुणी शिकवलेला नसतो. क्रियापदांचा एकमेकांशी संधी झाला की तिसरंच काही तयार होतं, आणि ते आपण स्वतः शोधलं असं वाटतं.

क्रियापद शोभिवंत असायला लागतं असंही नाही. लुकास पोप या एकट्या माणसाच्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये (२०१३) आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर पासपोर्ट तपासतो. तारखा जुळवायच्या, फोटो पाहायचा, शिक्का मारायचा. दिवसाच्या पगारात घरच्यांचं जेवण, औषध, शेकोटी भागवायची. एक दिवस एक नवरा येतो, त्याचे कागद ठीक असतात. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा प्रेमाने वागा. ती पुढे येते, तिच्याकडे एक कागद नसतो. हिरवा शिक्का एका बाजूला, लाल शिक्का दुसऱ्या बाजूला, आणि माउस हातात. जगातलं सगळ्यांत रटाळ काम असलेलं क्रियापद, आणि तिथे बोट थांबतं.

खेळाचे नियम तेच ठेवून अर्थ बदलता येतो हे आपल्याला तर जुनंच ठाऊक आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट म्हणजे आजची सापशिडी. फासा टाकायचा, चढायचं, घसरायचं. पण त्या पटावर शिडी सद्गुणाची होती, साप षड्‌रिपूंचा होता आणि शेवटचं घर मोक्षाचं. इंग्रजांनी तो पट नेला, घरांवरची नावं पुसत पुसत लहान मुलांचा विरंगुळा केला, आणि तोच आपल्याकडे पुठ्ठ्याच्या डब्यातून परत आला. नियमांना धक्का न लावता खेळाचा प्राण काढून घेता येतो. म्हणजे नामं अगदीच बिनमहत्त्वाची नाहीत, हे माझं मलाच मान्य करावं लागतं.

याच जागी माझी नाम-क्रियापदाची फूटपट्टी अडखळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला. लोकांकडून वर्गणी जमवायचा आधीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. सर्कशीत वाढलेली राजी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. ती भिंतीवरून धावते, खांबावर चढते, त्रिशूळ फिरवते. ही सगळी क्रियापदं 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या घरातली आहेत, आणि परदेशी समीक्षकांनी तसं म्हटलंही. चूक नाही त्यांची. पण राजस्थानी झरोके, पहाडी चित्रांचे रंग, भिंतीवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या देवांच्या कथा आणि मध्ये घुटमळणारी एक आपल्यासारखी दिसणारी मुलगी पडद्यावर पाहताना जे झालं, ते मला कोणत्याही तेराव्या मनोऱ्यावर झालं नव्हतं. आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं असं नाम जेव्हा पहिल्यांदा वाक्यात येतं, तेव्हा जुनं क्रियापदही वेगळं ऐकू येतं. इजिप्तनंतर ग्रीस, ग्रीसनंतर नॉर्वे, यात ते घडत नाही, कारण ती नामं आधीच हजारदा उच्चारून झालेली असतात. पुण्यात युबिसॉफ्टचाही स्टुडिओ आहे, २००८पासून. म्हणजे ज्या महाकाय गेमबद्दल मी वर लिहिलं त्यांना हातभार लावणारी मंडळी आणि राजीची मंडळी एकाच शहराच्या वाहतूक कोंडीतून घरी जात असतील.

दोन्ही गोष्टी एकत्र जुळून आलेला एक छोटा गेम मी शेवटी भाचीच्या हातात दिला. 'वेन्बा', २०२३चा, कॅनडातल्या एका लहानशा चमूचा. कॅनडात येऊन राहिलेली एक तमिळ बाई, तिचा नवरा, मुलगा, आणि आईकडून आलेली पाककृतींची वही. वहीची पानं फाटलेली, अक्षरं पुसट. करायचं काय, तर उरलेल्या शब्दांवरून आणि अर्ध्या चित्रांवरून पदार्थ नीट करायचा. मारणं नाही, चढणं नाही, आकडे नाहीत. दीड-दोन तासांत संपतो. स्वतंत्र गेमच्या महोत्सवात त्याला २०२४चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी पदार्पणासाठीचा ब्रिटनचा बाफ्ता पुरस्कारही.

पहिलाच पदार्थ इडली. पीठ तयार आहे, इडलीपात्राच्या थाळ्या समोर आहेत, आणि त्या कशा रचायच्या ते सांगणारा कागदाचा तुकडा नेमका गहाळ. भाचीने एकदा रचून पाहिलं, जमलं नाही. भाचा शेजारी येऊन बसला होता. त्याने दोन सूचना केल्या, त्याही चुकल्या. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने ओट्याशी उभ्या असलेल्या आजीला विचारलं.

आजी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "वरची थाळी जरा फिरवून ठेवायची गं. इडलीवर इडली आली तर खालची फुगणार कशी?"